कान पिळण्याचा इतिहास

आमच्या गावात इतिहासाला तोटा नाही. बावन्न दरवाज्यांचे शहर म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यांतले आज उभे किती, हे मात्र कोणाला विचारू नये. दोन जाणकारांचा आकडा जुळत नाही. मलिक अंबरने १६१० साली इथे खडकी वसवली आणि पुढे डोंगराच्या पोटातून नहर काढून गावात पाणी आणले. त्या नहराला पाणी कसे यायचे, हे तासभर समजावून सांगणारी माणसे आमच्याकडे आहेत. आमच्या नळाला कधी येईल, हे सांगणारा अजून भेटायचा आहे.

अशा गावात राहून रेडिओच्या बटणाचा इतिहास लिहायला बसणे म्हणजे पंगतीत श्रीखंड असताना मीठ कुठून आणले हे विचारण्यासारखे आहे. पण मकबऱ्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. बटणावर कोणी लिहिलेले नाही. शिवाय मी इतिहासाचा माणूस नव्हे. मी बी.कॉम. झालो आणि गेली तेवीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसतो. सनावळ्या मला पाठ होत नाहीत, पण खातेउतारा दाखवा. त्या माणसाला पगार केव्हा होतो, मुलगी कुठे शिकते आणि त्याचे बायकोशी पटते की नाही, हे मी सांगू शकतो. रेडिओचे बटण हाही एक खातेउताराच असतो, हे मला अलीकडेच कळले. ते सगळे सांगण्यासाठीच हा उद्योग.

आधी शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपण ज्याला बटण म्हणतो ते दाबायचे नसते, पिळायचे असते. आमचे आजोबा त्याला 'कान' म्हणत. त्यांची हयात शाळामास्तरकीत गेली. त्यामुळे कान पिळल्यावर बोलू लागणारी ही वस्तू त्यांना पहिल्या दिवसापासून आपलीशी वाटली. मेकॅनिक मंडळी मात्र त्याला 'कंट्रोल' म्हणतात. घरात ज्याच्या हाती कंट्रोल तोच घरचा मुखत्यार, हे लक्षात घेतले तर दोन्ही शब्द बरोबर आहेत.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांतल्या रेडिओला असे कान पुष्कळ असत. एक केंद्र लावायचे तर तीन-तीन चकत्या वेगवेगळ्या फिरवून जुळवाव्या लागत. म्हणजे एकाच कागदावर तीन साहेबांच्या सह्या. पुढे कोणा शहाण्याने ते सगळे कंडेन्सर एकाच दांड्यावर ओवले आणि एकाच बटणाने फिरवले. त्याला 'गँग कंडेन्सर' म्हणतात. गँग हा शब्द मी सिनेमाच्या आधी रेडिओत ऐकला, आणि तिथली गँग निदान एकजुटीने काम तरी करते. आवाज कमी-जास्त करायला तेव्हा व्हॉल्व्हच्या तारेलाच कमी-जास्त वीज देत. म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज कमी करण्यासाठी त्याला उपाशी ठेवायचे. तिसाच्या दशकात स्वतंत्र व्हॉल्यूम कंट्रोल रुळला आणि ही क्रूर प्रथा संपली.

आपल्याकडे मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. ते चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी १९३० साली बुडाली. कर्ज, खर्च आणि उत्पन्न यांचा मेळ बसला नाही, एवढे वाक्य आमच्या बँकेतल्या कुठल्याही फायलीवरून उचलून तिथे चिकटवता येईल. मग सरकारने ते काम अंगावर घेतले आणि १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले.

आणि आता आमच्या गावाच्या अभिमानाची गोष्ट. १९४७ साली स्वतंत्र भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. त्यांखेरीज संस्थानी मुलखात पाच केंद्रे होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोदा आणि औरंगाबाद! पुण्याचे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. म्हणजे पुण्याच्या आधी आमच्याकडे आकाशातून वाणी होत होती. पुण्याचा पाहुणा घरी आला की दुसऱ्या चहाच्या सुमारास मी हे वाक्य बोलतो. पुढे १९५० साली आमचे केंद्र आकाशवाणीकडे गेले आणि काही वर्षांत बंद पडले, हे वाक्य मी पाहुणा रिक्षात बसल्यावर बोलतो. पुन्हा केंद्र मिळायला कित्येक वर्षे जावी लागली. आज जालना रोडवर आकाशवाणी चौक आहे आणि त्या चौकात सर्वांत स्पष्ट ऐकू येते ती हॉर्नची वाणी.

आमच्या घरी रेडिओ आला तो १९६६ साली. आदल्याच वर्षी ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली होती आणि आमचे वडील, म्हणजे अण्णा, त्या प्रकल्पाच्या कचेरीत नुकतेच चिकटले होते. त्या काळी मर्फी, फिलिप्स, बुश, नेल्को ही नावे लोक नातेवाइकांसारखी घेत. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता आणि तोंडावर बोट ठेवलेले त्यांचे ते बाळ इतक्या घरांच्या भिंतींवर लटकत होते, की पुष्कळ पाहुणे ते यजमानांचेच समजून 'आईवर गेलाय हो' म्हणत. आमचा रेडिओ कुठल्या कंपनीचा, हे सांगत नाही. पाच व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा आणि चार कानांचा होता, एवढे पुरे.

रेडिओ ऐकायला तेव्हा परवाना लागे. १८८५च्या तार कायद्याखाली! पोस्टात वर्षाला पंधरा रुपये भरायचे, पुस्तकावर तिकिटे चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. ही परवान्याची भानगड १९८५ साली संपली, पण अण्णांचे ते पुस्तक मी जपून ठेवले आहे. एकोणीस वर्षांत एकही हप्ता थकलेला नाही. असा खातेदार आमच्या शाखेत आला तर मॅनेजर स्वतः उठून त्याला खुर्ची देतील.

२००३ साली या रेडिओच्या डायलची दोरी तुटली, काटा जागच्या जागी थांबला आणि रेडिओ माळ्यावर गेला. २०११ साली अण्णा गेले. परवा रंगकामासाठी माळा रिकामा केला, तेव्हा सौ.ने विचारले, "अहो, हे ठेवायचं की द्यायचं?" असा प्रश्न विचारताना उत्तर ठरलेले असते. मी घाईने म्हणालो, "दुरुस्त करायचं."

दुरुस्त करणार कोण? शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक चाचा आहेत. वय सत्तरीच्या पुढे. दुकान एवढेसे, की गिऱ्हाईक आत आले तर चाचांना बाहेर उभे राहावे लागते. दुकानाच्या दर्शनी भागात त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरे विकतो. मागच्या तीन फुटांत चाचा, सोल्डरिंगचा लोखंडी कावीळ झालेला खिळा आणि चाळीस वर्षांचे सुटे भाग. त्यांनी रेडिओ थेट विजेला लावला नाही. एका शंभराच्या बल्बमधून वीज दिली. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट, पेटून मंद झाला तर रेडिओ शाबूत. बल्ब मंद झाला. चाचा म्हणाले, "जिंदा है, साब. हाथ नक्को लगाओ." पोटात अडीचशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. बँकेच्या भाषेत, व्यवहार नसलेले खाते. पण शिल्लक असते आणि तीच धक्का देते.

रेडिओ बोलला. पण काय बोलला? व्हॉल्यूमचा कान पिळला की पापड भाजल्यासारखी खरखर. चाचांनी निदान केले, "कंट्रोल गया." आणि माझ्या वाट्याला सुट्या भागांची तीर्थयात्रा आली.

व्हॉल्यूम कंट्रोल ही वस्तू फार साधी. नालाच्या आकाराची कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावरून फिरणारी पितळी बोटे. बोटे जितकी पुढे, तितका आवाज मोठा. आम्हांला हवा होता पाचशे किलोओहमचा, मागे चालू-बंदची टकटकी असलेला, लांब दांड्याचा आणि 'लॉग' जातीचा. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात कुलपाविना किल्ल्या, पेडलविना सायकली आणि एक डावाच बूट मिळाला, कंट्रोल नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला, पण त्याचा दांडा कोणी आधीच कापला होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला नवे मिळतात. पण जुना दांडा पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि नवा सहा मिलिमीटरचा. फरक पाऊण कसला, अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. पण तेवढ्यात जुने बेकेलाइटचे बटण म्हाताऱ्याच्या दातासारखे हलते.

शेवटी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात हवा तसा मिळाला. "लॉगच आहे ना?" असे मी दोनदा विचारले. विक्रेत्याने "अहो, लॉगच," असे मोबाइलमधून मान न काढता दोनदा सांगितले. चाचांनी तो बसवला, बटण जरासे हलवले आणि मोबाइलची कव्हरे घ्यायला आलेल्या दोन मुली रस्त्याच्या पलीकडे गेल्या. पाव फेऱ्यातच सगळा आवाज. पुढच्या पाऊण फेऱ्यात नुसती दमणूक.

चाचांनी कंट्रोल काढला, बरोबर मध्यावर आणला आणि मीटर लावला. काटा अर्ध्यावर. अडीचशे. "ये लॉग नै, साब. लॉग होता तो बीच में पचास-साठ बताता."

या लॉगचे कोडे मला कॉमर्समुळे सुटले. आपला कान बेरजेने ऐकत नाही, गुणाकाराने ऐकतो. आवाज दुप्पट झाला असे वाटायला त्याची शक्ती साधारण दहापट व्हावी लागते. म्हणून कंट्रोलची पट्टी सुरुवातीला हळू आणि शेवटी भराभर वाढणारी करतात. थोडक्यात, लॉग म्हणजे चक्रवाढ व्याज आणि लिनिअर म्हणजे सरळ व्याज. चक्रवाढीला सोकावलेल्या कानाला सरळ व्याजाचा कंट्रोल दिला की असा घोटाळा होतो. त्यात नावांचाही गोंधळ आहे. जपानी आणि अमेरिकन मालावर 'ए' म्हणजे लॉग आणि 'बी' म्हणजे लिनिअर. जुन्या युरोपीय मालावर मात्र 'ए' म्हणजेच लिनिअर. एकाच अक्षराचे दोन देशांत दोन अर्थ. आमच्या हेड ऑफिसची परिपत्रके वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

"पुराना खोल के देखते," चाचा म्हणाले. त्यांनी जुन्या कंट्रोलच्या पत्र्याचे चार कान नखाने उचकले आणि टोपण काढले. आतली पट्टी स्पिरिटच्या बोळ्याने हलकेच पुसली. घासायची नाही, कार्बनचा थर आधीच कांद्याच्या पापुद्र्याएवढा. मग भिंग माझ्या हातात दिले.

काळ्या पट्टीवर दोन ठिकाणी चकचकीत ओरखडे होते. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर एक नवाच्या ठोक्यावर आणि दुसरा दोनच्या. मधली जागा त्यामानाने कोरी.

"यां बरसों चला," पहिल्या जागेवर टाचणी ठेवून चाचा म्हणाले. "फिर यां." थोडे थांबून त्यांनी विचारले, "वालिद साब ऊंचा सुनते थे क्या?"

अण्णांना कमी ऐकू येत होते, हे आमच्या घरात अधिकृतपणे १९९८ साली जाहीर झाले. तेही डॉक्टरांनी जाहीर केले. त्यांच्या यंत्रालाही एक बटण होते आणि ते पाच-पाच डेसिबलच्या पायऱ्यांनी पुढे सरकत होते. त्याआधीची निदान आठ वर्षे अण्णांचे म्हणणे असे, की आकाशवाणीवर हल्ली पुटपुटणारी माणसे भरती झाली आहेत. "पूर्वीचे वृत्तनिवेदक कसे खणखणीत वाचायचे! आता यांना पगार तोंड उघडायचा मिळतो की मिटायचा?" असे म्हणून ते सकाळच्या बातम्यांना कान आणखी थोडा पिळत. आई स्वयंपाकघरातून ओरडे, "अहो, शेजारी उठतील!" अण्णांना तेही ऐकू येत नसे. हेडक्लार्क माणूस. कचेरीत कोणी काय विचारले हे नीट कळले नाही, की "लेखी द्या" म्हणत. त्या 'लेखी द्या'ची त्यांच्या खात्यात शिस्त म्हणून ख्याती होती.

तोंडाने त्यांनी कधी कबूल केले नाही. पट्टीवर मात्र नोंद होती. दर सकाळी थोडी थोडी, शाईशिवाय केलेली.

मग मी बाकीचे कानही तपासायला लावले. लेखापरीक्षण सुरू झाले की एका खात्यावर थांबत नाही.

बँड बदलायचा कान. त्याच्या आत पत्र्याची जिभळी असतात आणि ती हवेने काळी पडतात. मीडियम वेव्हची जिभळी झिजलेली असणार, हे उघड होते. पण शॉर्ट वेव्हचीही तितकीच झिजली होती. घरात शॉर्ट वेव्ह ऐकणारे कोणीच नव्हते, अशी आमची पिढीजात समजूत. आजोबांना मुंबई केंद्राखेरीज दुसरे चालत नसे. त्याचा उलगडा पुढच्या कानापाशी झाला.

तो कान म्हणजे ट्यूनिंगचा. दोरी तुटलेली होती. तिच्या जागी आता मासे पकडायच्या गळाची दोरी वापरतात. न ताणणारी, न कुजणारी. दांड्याला अडीच वेढे द्यायचे. कमी दिले तर घसरते, जास्त दिले तर एकमेकांवर चढते, आणि वेढा उलटा पडला तर आपण काटा दिल्लीकडे नेतो आणि तो मद्रासकडे पळतो. ही दोरी ओवण्यासाठी चाचांनी डायलची काच उतरवली. काचेवर बॉम्बे, कलकत्ता, मद्रास, सिलोन, रंगून, सायगाव अशी गावे होती. त्यांतल्या एकानेही आपले जुने नाव ठेवलेले नाही. आमच्या गावाचे नाव काचेवर नव्हतेच. नाहीतर तेही बदलले असते.

काचेच्या आतल्या पत्र्यावर 'बॉम्बे'च्या जरा डावीकडे पेन्सिलीची एक बारीक खूण होती. मोजून केलेली.

मी नांदेडला आत्याला फोन लावला. आत्या आता पंचाहत्तरीची आहे. खूण सांगताच पलीकडे इतका वेळ शांतता, की फोन कटला असे वाटले. मग हसण्याचा आवाज आला.

भानगड अशी होती. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. आपलेच, मराठी. त्यांना सिनेसंगीत मानवत नव्हते. आकाशवाणीवर सिनेमाची गाणी बंद झाली आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. सरकारने १९५७ साली विविध भारती काढून माघार घेतली, पण बुधवारची संध्याकाळ सिलोनकडेच राहिली. आमच्या घरी मात्र केसकर पायउतार झाल्यावरही आजोबांच्या रूपाने त्यांचीच राजवट चालू होती. बुधवारी संध्याकाळी आजोबा सुपारी हनुमानाला जात. ते कोपऱ्यावर वळले की आत्या बँड बदलून सिलोन लावी आणि परतायच्या आत काटा जिथल्या तिथे आणून ठेवी. काटा एका केसाने जरी सरकला असता तरी मास्तरांच्या नजरेतून सुटला नसता. म्हणून खूण.

"पण काचेच्या आत खूण कशी केलीस?" मी विचारले.

"मी कशाला करते? अण्णाने मागचा पुठ्ठा काढून करून दिली," आत्या म्हणाली. "दर बुधवारी मला सांगायचा, आवाज नवाच्या पुढे नेऊ नकोस. आजोबा लांब ऐकतात."

मला अण्णा शिस्तीचे म्हणून माहीत होते. ही नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

चाचांपुढे आता प्रश्न होता तो पट्टीचा. झिजलेल्या जागी मऊ पेन्सिल घासली तर काही दिवस काम चालते, पण तो इलाज उधारीचा. नवा कंट्रोल घालावा तर लॉग मिळेना. चाचांनी तिसरे काहीतरी केले. पितळी बोटे चिमट्याने एक केसभर आत वाकवली. पट्टी रुंद असते. बोटे इतकी वर्षे तिच्या एकाच रेषेवरून गेली होती. आता ती शेजारच्या कोऱ्या कार्बनवरून जाऊ लागली. जुने दोन्ही ओरखडे बाजूला तसेच राहिले. बटण फिरवले. खरखर नाही.

"ये तरकीब लडके को सिखाई?" मी मोबाइलच्या कव्हरांकडे पाहत विचारले.

"उसकू कायकू? उसके माल में कान हैच नै," चाचा म्हणाले. त्यांनी तीनशे पन्नास रुपयांचे बिल लिहिले आणि पावतीवर कामाचा तपशील घातला: 'कान सफाई, तीन नग.'

"तीन कसे? चार आहेत," मी म्हणालो. हिशेबात एक नग कमी आला तर मला जेवण जात नाही.

"चौथा टोन का है," चाचा म्हणाले. "उसमें कुछ नै निकला. नया का नया. किसी ने घुमायाच नै."

घरी येऊन मी सौ.ला सगळा वृत्तांत सांगितला. अण्णांचा ओरखडा ऐकून ती जरा गप्प झाली, आत्याच्या खुणेला हसली, आणि चौथ्या कानाचे ऐकल्यावर म्हणाली, "त्यात काय तपासायचं होतं? तुमच्या घराण्यात टोन कधी कोणी बदललाय?"

रात्री मीडियम वेव्हवर लांबची केंद्रे येतात. काटा सरकवत असताना कुठलेतरी एक लागले. कोणीतरी सतार वाजवत होते. सौ. उठली आणि चौथा कान धरून हळूच डावीकडे पिळला. सतार एकदम खालच्या, भरदार आवाजात बोलू लागली.

"अगंबाई," ती म्हणाली, "असाही लागतो होय!"